पट्टा पडेपर्यंत

आमच्या शेडमधून बांधून गेलेलं इंजिन ओळखायचं असेल, तर ब्लॉकच्या डाव्या अंगाला स्टार्टरच्या वर बोट फिरवावं. ग्रीसखाली टिंबं हाताला लागतात. सेंटर पंच टेकवून हातोडीच्या एका ठोक्यात मारलेली, शेजारी शेजारी. पहिलं माझ्या वस्तादांचं, दुसरं माझं. वस्तादांची शेड सोमेश्वरनगरला होती, कारखान्याच्या वाटेवर, आणि तिथंच माझे हात पहिल्यांदा काळे झाले. मी सणसरला स्वतःची शेड घातली तेव्हा त्यांनी त्यांचा पंच माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आधी माझं टिंब, शेजारी तुझं. पर इचार करून मार. रंग पुसता येतो, टिंब पुसता येत न्हाय."

टिंबं म्हणजे आमची गॅरंटी. कागद नाही, शिक्का नाही. टिंबं असलेल्या इंजिनाला कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत काही झालं, तर ते मी माझ्या हातानं पुन्हा खोलून बांधून देतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. उसाची शेवटची मोळी कारखान्याच्या गव्हाणीत पडली, गाळप थांबलं, की आमच्याकडं पट्टा पडला म्हणतात. हंगाम संपला. तोवर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ऊस ओढतो, रांगेत उभा राहतो, पुन्हा फडात जातो. त्या सगळ्यातून जे इंजिन टिकलं ते इंजिन. एकदा जोरात पळून दाखवणारी पुष्कळ बघितली आहेत मी.

आणि टिंबं मारण्याआधी पूल चढवायचा, हा माझा स्वतःचा नियम. शेडपासून थोड्या अंतरावर कालव्यावर पूल आहे, त्याला चांगला उभा चढ आहे. नवीन बांधलेल्या इंजिनाला भरलेले ट्रेलर जोडायचे आणि गिअर न बदलता पूल पार करायचा. इंजिन दमलं नाही, धूर काळा झाला नाही, तर शेडमध्ये परत आणून पंच हातात घ्यायचा. इंदापूर तालुक्यात माझ्याइतकी इंजिनं कुणी पुलावरून नेली असतील असं मला वाटत नाही. बढाई वाटली तर वाटू द्या, खरं आहे ते.

अशा माणसाच्या घरात एक दिवस स्पोर्ट्‌स कार आली.

माझी मुलगी इंजिनिअर आहे. बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला जाते. लहानपणी शेडमध्ये माझ्या डोक्यावर दिवा धरून उभी राहायची आणि "आबा, ह्यो वॉल्व वाकडा हाय" असं माझ्याआधी सांगायची. शिकायला म्हणून कितीक पोरं माझ्याकडं आली आणि हात बसला की आपापल्या वाटेनं गेली. ही मात्र कॉलेजला गेली, नोकरीला लागली, तरी रविवारी शेडमध्ये असायचीच. मी कधी तिला ये म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही.

तिनं स्वतःच्या कमाईतून ही गाडी घेतली. जुनी, परदेशी बनावटीची, दोन दारांची, दोनच माणसांची. लाल रंग उन्हानं विटलेला. इंजिन पुढं, ओढ मागच्या चाकांना. गाडी दारात आली तेव्हा तिची आई ओट्यावर शेंगा निवडत होती. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "मागं बसायला जागाच न्हाय?"

"न्हाय आई. दोघांचीच हाय."

"मग मी कशात बसायचं? का मला ट्रॉलीत टाकून न्यायचं?"

गाडी कशाला घेतली ते हळूहळू कळलं. शेजारच्या जिल्ह्यात एका खाजगी धावपट्टीवर दर हिवाळ्यात गाड्यांची स्पर्धा असते. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ सुटायचं, पट्टी संपायच्या आत कोण पुढं ते बघायचं. वळण नाही, काही नाही. पुण्यातल्या एका क्लबची पोरं-पोरी तिथं जातात, तीही त्यांच्यात जायला लागली होती. तिथं तिला कुणीतरी विचारलं, गाडीचं काम कुठं करतेस? ती म्हणाली, आमच्या शेडमध्ये. "कसली शेड?" "ट्रॅक्टरची." त्यावर दोघं-तिघं हसले. वाईट हेतूनं हसले नसतील, पण ती घरी आली ती तोंड पाडून आली, आणि जेवताना ताटावरून मान वर न करता बोलली.

"आबा, ह्या हंगामात मी स्पर्धेला उतरणार. आन इंजिनावर आपली टिंबं असणार. मला दोन्ही पायजे."

मी म्हटलं, "टिंबं मागून मिळत न्हाईत."

"म्हायती हाय. म्हणून तर मागतीय."

आता तिचं इंजिन होतं तसंच ठेवलं तर स्पर्धेत तिचा निभाव लागणार नव्हता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ताकद वाढवायला हवी होती. ती कशी वाढवायची यावरून आमच्या घरात जे सुरू झालं, ते भाऊबंदकीच्या वाटणीलाही होत नाही.

तिनं मला एकेक रस्ता समजावून सांगितला. पहिला रस्ता नायट्रसचा. डिकीत एक बाटली बसवायची, तिच्यात दाबून भरलेला वायू. बटण दाबलं की तो वायू इंजिनात घुसतो, त्याच्यासोबत जादा पेट्रोल जातं, आणि इंजिन एकदम अंगात आल्यासारखं उसळतं. बटण सोडलं की पुन्हा पहिल्यासारखं. दुसरा रस्ता टर्बोचा. तो मला शिकवायची गरज नव्हती. टर्बो आमच्या मालट्रकांना वर्षानुवर्षं आहेत. पण तिच्या इंजिनाची बांधणी टर्बोसाठी नव्हती. बसवायचा म्हणजे पिस्टनपासून रेडिएटरपर्यंत सगळंच बदलायचं, आणि उष्णता निराळीच. तिसरा रस्ता जुना. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवायचं, वॉल्वच्या सीटा नव्यानं बसवायच्या, हवेच्या वाटा मोकळ्या करायच्या, हेडचा तळ घासून घेऊन दाब वाढवायचा, कॅमशाफ्ट बदलायचा आणि मग तिनं लॅपटॉप जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन हिशेब शिकवायचा. यात ताकद वाढते, पण बाटलीइतकी नाही, आणि हात मोडेपर्यंत काम.

"बाटली बसवायला एक दिवस," ती म्हणाली. "आन ताकद सगळ्यात जास्त."

मी ताडकन म्हणालो, "म्हंजे पंप वाढवायचा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामात निम्मे ट्रॅक्टरवाले माझ्याकडं एकच मागणं घेऊन येतात. डिझेलचा पंप वाढवून द्या. पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल जास्त पडतं, ट्रॅक्टर काळा धूर ओकत दोन ट्रेलर घेऊन सुसाट जातो, आणि दिवाळीत हसणारा मालक संक्रांतीला फुटलेलं हेड घेऊन माझ्या दारात रडतो. माझ्या शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'पंप वाढवून मिळणार नाही. विचारूही नये.' तरी विचारतातच.

"पंपासारखं न्हाय हे आबा," ती चिडून म्हणाली. "पंप समदा वेळ जादा ओततो. हे फकस्त बटण दाबल्यावर. नीट बसवलं, पेट्रोल बरोबर सोडलं, तर इंजिन टिकतं."

"पट्टा पडंपर्यंत?"

तिची आई म्हणाली, "आधी जेवा. गाडी काय उद्याच कारखान्याला जात न्हाय."

पुढच्या रविवारी क्लबमधला एक मुलगा बाटली घेऊन आला. भला मुलगा होता, वाकून नमस्कार केला, चहा घेतला. त्याच्या स्वतःच्या गाडीला नायट्रस होतं, ही जास्तीची बाटली तो तिला स्पर्धेपुरती वापरायला देणार होता. त्यानं मला नळ्या, जेट, बटण, सगळं नीट दाखवलं. माल चांगला होता, जोडण्या सुरेख. यंत्र चांगलं असलं की माझ्या तोंडून कौतुक निघतंच, मी ते केलं. मग मी माझा प्रश्न विचारला.

"ह्ये लावून इंजिन हंगामभर चालंल का?"

तो जरा गोंधळला. "काका, हंगामभर म्हणजे? हे तर एका रनसाठी असतं. काही सेकंदांसाठी."

"आन मग घरी कसं जायचं?"

"गाडी ट्रकवर घालून नेतात ना काका. आणतात पण तशीच."

मी लेकीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं. मुलगा गेल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं. गाडी तुझी आहे, बाटली लावायची असेल तर लाव, नळ्या जोडायला मी स्वतः मदत करतो. पण बाटलीच्या इंजिनावर टिंबं पडणार नाहीत. ते इंजिन फुटेलच असं मी म्हणत नाही. पण ज्याची गॅरंटी देता येत नाही त्यावर मी वस्तादांचं टिंब मारत नाही. एवढंच.

ती रडेल असं वाटलं होतं. ती भांडली. "मग आबा, टिंबं घेऊन हरायचं का?" खरं तर तिचं जिंकणं मला तिच्यापेक्षा जास्त हवं होतं. ट्रॅक्टरची शेड म्हणून हसले होते ना ते. माझ्या शेडला.

शेवटी तिनंच तोड काढली. आधी हेडचं काम करायचं. स्पर्धेआधी गाडी चालवून बघायची. ताकद पुरेशी वाटली तर ठीक, नाहीतर बाटली बसवायची आणि टिंबांवर पाणी सोडायचं. तोवर बाटली शेडच्या कोपऱ्यात राहील. तिच्या आईनं त्या बाटलीवर ओलं पोतं टाकलं आणि उन्हात ठेवू नका म्हणून मला बजावलं. स्वयंपाकाच्या सिलेंडरची जी शिस्त, तीच तिनं नायट्रसला लावली, आणि लेक म्हणाली की आईचं बरोबर आहे.

हेड उतरवलं. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. हंगाम जोरात, दारात ट्रॅक्टरांची रांग, आणि मधल्या टेबलावर ते छोटंसं ॲल्युमिनियमचं हेड. ट्रॅक्टरवाले येऊन त्याला हात लावून बघायचे आणि "आबा, ह्ये खेळण्यातलं हाय व्हय?" असं विचारायचे. वॉल्वच्या सीटा मी बसवल्या. रबराच्या काठीला वॉल्व चिकटवून, पेस्ट लावून, दोन तळव्यांत काठी फिरवत घासायचं, रवी फिरवतात तसं. करड्या रंगाची एकसारखी कडी उमटली पाहिजे, कुठं तुटक नाही. त्या कामात मला कुणी हात धरणार नाही, लेकही नाही, आणि ती तसं म्हणालीही.

पण पुढं तिनं माझा हात धरलाच. हवेच्या वाटा घासताना मी त्या आरशासारख्या चकचकीत करायला घेतल्या. अशी लकाकी आणली होती की तोंड बघून मिशी कोरावी. ती कामावरून आली, बॅटरी मारून आत बघितलं आणि ओरडलीच, "आबा, थांबा! आत येणारी वाट इतकी गुळगुळीत करायची न्हाय."

"का? हवा सरळ जाईल की."

"हवा जाईल, पर पेट्रोल भिंतीला चिकटून वघळंल. थोडा खरखरीतपणा पायजे, म्हंजे ते हवेत मिसळतं. धूर भाईर जाणारी वाट हवी तेवढी चमकवा. ह्यो डिझेलचा न्हाय, पेट्रोलचा मामला हाय."

आयुष्यभर डिझेलमध्ये हात घालून बसलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल? खरं सांगतो, मला आधी राग आला. चहा न घेता मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रांगेतल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काय झालं आबा?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काय न्हाय. पोरीनं चूक काढली माझी." बोललो आणि जाणवलं की राग गेला होता, आवाजात भलताच तोरा आला होता. आत जाऊन बारीक पॉलिश पेपरनं ती वाट पुन्हा खरखरीत केली, ती म्हणेल तशी.

इंजिन बांधून झालं. तिनं लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडी सुरू केली. पहिल्याच झटक्याला पकडली. आवाज असा बसका आणि गोळीबंद की दारातले ट्रॅक्टरवाले बोलायचे थांबले. ती रोज थोडी चालवायची, रोज थोडा हिशेब बदलायची. तिचं म्हणणं, गाडी चांगली झाली आहे, पण बाटलीच्या गाड्यांसमोर कमी पडेल. तिची नजर त्या ओल्या पोत्याकडं जायला लागली होती. स्पर्धा जवळ आली होती. शनिवारी बाटली बसवायची असं तिनं ठरवून टाकलं.

मला ते सहन होईना. म्हटलं, इंजिन माझ्या हातचं आहे, निदान एकदा त्याला त्याची ताकद दाखवू तरी दे. आणि आमच्याकडं ताकद दाखवायची एकच रीत आहे.

ती कामावर गेल्यावर मी शेजाऱ्याला बोलावलं. त्याच्याकडं जनावरांच्या वैरणीची छोटी ट्रॉली होती, तीत उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, भरलेले होते. गाडी लहान म्हणून ट्रॉली लहान, इतका विचार मी केला होता. गाडीच्या मागं टोचनाची कडी होती, तिला साखळी बांधली. शेजारी म्हणाला, "आबा, लाल गाडी आन वाढे. बघणाऱ्यांस्नी काय वाटंल?"

"बघू द्यात. पूल चढला की सांग."

शेजारी वाढ्यांवर चढून बसला. सुटलो. सरळ रस्त्यावर गाडीनं ट्रॉली हसत ओढली. माझ्या तोंडावर काय आनंद असेल! पुलाचा चढ लागला, मी नेहमीसारखा क्लच अर्धा दाबून, गती धरून, इंजिन चढवत गेलो. इंजिन दमलं नाही. इंजिनानं मान टाकली नाही. पण अर्ध्या पुलावर गाडी जागच्या जागी गुरगुरायला लागली आणि पायाखालून जळक्या कागदासारखा वास आला. मग धूर. शेजारी ट्रॉलीतून ओरडला, "आबा, पेटली!" पेटली नव्हती. क्लच प्लेट जळून गेली होती.

बैलजोडी आणून गाडी शेडला आणली. बैलांच्या मागं स्पोर्ट्‌स कार, तिच्या मागं वाढ्यांची ट्रॉली, आणि स्टिअरिंगवर मी. सगळ्या सणसरनं बघितलं.

संध्याकाळी ती आली. तिनं आधी वास घेतला, मग साखळी बघितली, मग कडीत अडकलेलं उसाचं पान बघितलं. काही विचारायची गरजच पडली नाही.

"तुमी हिला पूल चढवला?"

"इंजिन चढत हुतं," मी म्हटलं.

ती जे बोलली ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तिची आई मधे पडली नाही, उलट तिला पाणी आणून दिलं म्हणजे पुढचं बोलता यावं. मी मान खाली घालून गिअरबॉक्स उतरवायला घेतला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. प्लेट बाहेर काढली. निळी-काळी पडलेली, भेगाळलेली. लेकीनं ती हातात घेतली, उलटसुलट केली, भेगांवरून नख फिरवलं.

"काय गं?" मी घाबरत विचारलं.

"आबा, बाटलीचं बटण दाबलं असतं तर एवढाच झटका बसला असता. तिथं, सगळ्यांसमोर." ती खाली बसली. "म्हंजे आधी क्लच जड पायजे. क्लच जड केला की झटका फुडं गिअरबॉक्सवर जाणार. तो टिकला तर कनेक्टिंग रॉडवर. मग रॉड बदला, पिस्टन बदला. मी फकस्त इंजिनाचा हिशेब केला हुता."

"म्हंजे माझं बरोबर हुतं," मी लगेच म्हणालो.

"तुमचं काय बी बरोबर न्हवतं! स्पोर्ट्‌स कारनं वाढे ओढत न्हाईत." पण ती हसत होती. तिनं पोत्याखालची बाटली काढली, नळ्या गुंडाळल्या आणि ज्या मुलाची होती त्याला फोन करून सांगितलं, "ने बाबा तुझी. आमी हेडवरच पळवतो." जिंकण्याची सगळ्यात मोठी आशा तिनं अशी उचलून देऊन टाकली. मी असतो तर दिली असती की नाही, सांगता येत नाही.

नवीन क्लच आम्ही दोघांनी मिळून बसवला, यावेळी तिच्या मापाचा आणि तिच्या हिशेबाचा.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही तिघं पोहोचलो. आईला गाडीत जागा नव्हती म्हणून ती एसटीनं आली, डबा घेऊन, आणि आमच्या आधी पोहोचली. धावपट्टीवर एकाहून एक गाड्या ट्रकवरून उतरत होत्या. आमची रस्त्यानं चालत आली, हे बघून एक जण म्हणाला, "चालवत आणली?" मी म्हटलं, "मग काय उचलून आणायची?"

तिची पहिली धाव मी डोळे मिटूनच ऐकली. कानानं कळतं मला. गिअर कुठं बदलला, टायर कुठं घसरला, सगळं. शेजारची गाडी दुप्पट किमतीची होती, ती मागं राहिली. दुसऱ्या धावेलाही लेक पुढं. मग तिसऱ्या. तिची आई ओरडून ओरडून दमली आणि डब्यातली धपाटी ओळख नसलेल्या लोकांना वाटायला लागली. ज्याच्याकडं टर्बो होता त्यालाही माझ्या लेकीनं मागं टाकलं, कारण ती इतकी साफ सुटली की त्याचा टर्बो जागा होईपर्यंत ती निघून गेली होती.

शेवटच्या धावेत समोर तोच बाटलीवाला मुलगा. दिवा हिरवा झाला, दोघं बरोबर सुटले, अर्ध्या पट्टीपर्यंत आमचं बोनेट पुढं. मग त्यानं बटण दाबलं. निघून गेला. अगदी थोडक्यात, पण गेला. नायट्रस काय करतं ते मी डोळ्यांनी बघितलं, आणि त्यालाही दाद दिली मी. खोटं कशाला बोलू?

तो मुलगा धावत आमच्या गाडीकडं आला. "बोनेट उघड ना." तिनं उघडलं. सगळे गोळा झाले, त्या दिवशी हसलेलेही होते त्यात. ते आत टर्बो शोधत होते, नळ्या शोधत होते. काहीच नव्हतं. स्वच्छ पुसलेलं इंजिन.

"हेड कुणी केलंय हे?" कुणीतरी विचारलं.

ती म्हणाली, "आमच्या शेडनं. ट्रॅक्टरची हाय."

यावेळी कुणी हसलं नाही. मी जरा बाजूला जाऊन उभा राहिलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते लोकांना दाखवायची मला सवय नाही.

परत येताना मी तिच्या शेजारी बसलो. तिची आई पुन्हा एसटीनं, पण आता हातात दुसऱ्या नंबरचा चषक. पिंपळी गावाच्या पुढं उसाच्या ट्रेलरांची रांग लागली. आमची गाडी ओळखून ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, एकापाठोपाठ एक. बैलांनी ओढलेली गाडी कोण विसरणार? लेकीनंही हॉर्न दिला.

शेडला पोचताच मी कपाटातून पंच काढला. "उघड बोनेट," मी म्हटलं.

तिनं उघडलं नाही. "पट्टा पडलाय का?"

"अगं, मी मारतोय न्हवं? आमी तर काम झालं की लगीच मारतो."

"ते ट्रॅक्टरला. त्यानं पूल चढलेला असतो. हिनं न्हाय चढला." ती हट्टालाच पेटली. "कारखान्याचा पट्टा पडू द्या. तवर मी रोज हीच घेऊन कामावर जाणार. टिकली, तर मारा."

माझा नियम माझ्याच तोंडावर. सणसर ते बारामती, रोज, उसाच्या रांगांतून, फडातून रस्त्यावर आलेल्या चिखलातून, ती लाल गाडी गेली आणि आली. अवकाळी पावसाच्या गारठ्यात एकदा सकाळी सुरू होईना तेव्हा मी हातातला चहा ठेवून पाने घेऊन धावलो. बिघाड बॅटरीचा निघाला. बाकी तिनं कधी मान टाकली नाही.

उन्हं तापायला लागली, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतायला लागल्या, आणि एक दिवस दुपारी कारखान्याचा भोंगा लांबच लांब वाजला. पट्टा पडला. मी हातातलं काम टाकून बाहेर आलो. ती सुट्टीवर होती, गाडी पुसत बसली होती. भोंगा तिनंही ऐकला होता, पण माझ्याकडं न बघता पुसतच राहिली.

मी बोनेट उघडलं. पंच आणि हातोडी तिच्या हातात दिली. "मार."

"मी?"

"कॉम्प्युटर तुझा, हिशेब तुझा, रोज चालवलीस तू. मार."

तिनं पंच टेकवला, एक टिंब मारलं. वस्तादांचं. शेजारी दुसरं. माझं. दोन्ही एका ओळीत, एका खोलीची, माझ्यापेक्षा सरळ. मग तिनं पंच आणि हातोडी मला परत दिली आणि हात पुसले. तिच्या दृष्टीनं काम झालं होतं. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं.

मी पंच पुन्हा टेकवला आणि तिसरं टिंब मारलं. तिनं वाकून तिन्हींवरून बोट फिरवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची आई बघत होती, तिनं डोळ्याला पदर लावला एवढं मला दिसलं.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला एक जुनं गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन आलं. इंजिन बांधून झालं, पूल चढवून झाला, आणि निघताना त्यानं सवयीनं ब्लॉकवर बोट फिरवलं. मग वाकून बघितलं.

"आबा, तीन टिंबं पडल्यात. हात चुकला जणू."

"न्हाय," मी म्हटलं. "आता आमच्याकडं तीनच असत्यात."